हरणाऱ्याची गर्दी

कुठल्याही गावात पाऊल टाकलं की पंधरा मिनिटांत रूपरावांना त्या गावाची दुखरी जागा सापडायची. पारावर बसायचं, कुणाकडून तरी तांब्याभर पाणी मागायचं, दोन शब्द बोलायचे. तेवढ्यात कळायचं की इथला पाटील बायकोला भितो, तिथल्या मास्तराला बेरीज येत नाही, आणि अमक्याचा मुलगा मुलगी पाहायला गेला तेव्हा त्यानं चहा बशीसकट शर्टावर सांडला. मग खडीगंमत, म्हणजे इकडचा तमाशा, उभी राहिली की ढोलकीच्या एका थापेवर रूपराव त्या माणसाच्या चालीनं चालत यायचे. गाव हसून लोळायचं. ज्याची नक्कल असायची तोही हसायचा, कारण न हसून सांगतो कुणाला?

चौदाव्या वर्षी ते आंजीच्या मंडळात आले आणि पस्तिसाव्या वर्षापर्यंत सोंगाड्याच राहिले. चेहरा लांबट, कान मोठे, पाय काड्यांसारखे. देवानं विनोदासाठीच घडवलेला माणूस. मंडळाच्या वस्तादांचा एक दंडक होता. ज्याची नक्कल करायची, त्याच्या दारी आधी जायचं. त्याच्या घरचं पाणी प्यायचं आणि तोंडावर सांगायचं, "आज तुमचं सोंग काढतो." त्यानं आपल्या हातानं सुपारी दिली तर ठीक. नाही दिली तर त्याचं नावही घ्यायचं नाही. आणि सुपारी एकदा घेतली की माघार नाही. अंगात ताप असो की घरात मयत, ते सोंग निघालंच पाहिजे.

मंडळ मोडलं. वस्ताद गेले, ढोलकीवाला सूतगिरणीत चौकीदार झाला. रूपरावांना मात्र माईक मिळाला. देवळीबाहेरच्या मोकळ्या रानात दर हिवाळ्यात बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट भरायचा. एक जोडी, एक सरळ पट्टी, आणि पापणी लवेपर्यंत खेळ खलास. पण त्या पापणीच्या आधी नि नंतर रूपराव असे काही बोलायचे की माणसं आलूबोंडा हातात धरून खायचं विसरायची. बैलांची नावं, त्यांच्या आयांची नावं, हाकणाऱ्याच्या सासुरवाडीचं नाव, सगळं त्यांच्या जिभेवर. पुढं कोर्टानं पट बंद केले. ते पुन्हा सुरू झाले तोवर ते रान विकलं गेलं होतं. तिथं लेआउट पडलं. मुरमावर डांबरी रस्ता झाला, विजेचे खांब उभे राहिले, पण प्लॉट घेऊन घर बांधायला कुणी आलं नाही. नुसता सरळ रस्ता, कशाचीतरी वाट पाहत पडलेला.

आणि रूपराव ऑटोत बसले, टपावर भोंगा बांधून. हरवलेली म्हैस, डोळ्यांचं शिबिर, साड्यांचा सेल, कुणाची तरी तेरवी. अडुसष्ट वर्षांचं वय, वरची दातांची कवळी सैल. "शिबिर" म्हणताना ती टाळूवरून सुटायची आणि ते जिभेनं तिला परत बसवायचे.

अशा दिवसांत गॅरेजवाला अश्विन त्यांच्याकडे आला.

अश्विन पस्तिशीचा. मोटरसायकलींचं वेड. जानेवारीत त्यानं त्या लेआउटच्या रस्त्यावर गाड्यांची शर्यत ठेवली होती. चारशे मीटर, दोन-दोन गाड्या, झेंडी पडली की सुसाट, आधी पोचला तो जिंकला. पोलिसांची परवानगी, अँब्युलन्स, दोर बांधून केलेली वाट, सगळं रीतसर. फक्त लोक नव्हते. शर्यतीत उतरलेले, त्यांचे दोस्त, आणि दोराच्या आतबाहेर करणाऱ्या सात-आठ बकऱ्या.

"फ्लेक्स लावले, काका. मोबाइलवर फोटो टाकले," अश्विन म्हणाला. "वीस पोट्टे शाईन मारत गाड्या घेऊन आले. पब्लिक शून्य. दोन हप्त्यानं पुन्हा ठेवून राह्यलो. लोकं काऊन येत नाई?"

"किती वेळ चालते तुया खेळ?"

"एक रेस? चौदा-पंधरा सेकंद."

"चौदा सेकंदासाठी कोन येईन बे?" रूपराव हसले. "पटही तेवढाच होता. लोकं काय बैलाचा पाय पाह्यले येत होते? अश्विन, लोक जिंकणाऱ्याले पाह्यले येत नाई. जिंकणारा त्याच्या घरचा. लोक हरणाऱ्याले पाह्यले येतात. हरणारा साऱ्यायचा असते. मले सांग, तुया शर्यतीत सगळ्यात वाईट कोन हरला?"

अश्विनला आठवावं लागलं नाही. तो हसतच सांगू लागला. हिंगणीचा एक दूधवाला आला होता, धर्मेंद्र नावाचा. गाडीला दुधाच्या कॅनच्या कड्या तशाच. झेंडी पडली, शेजारचा उडाला, आणि हा गडी गाडीवरून वाकून रस्त्याला हात लावतो, कपाळाला लावतो, मग गिअर टाकतो. तोवर समोरचा पोचून हेल्मेट काढत होता. वर शेवटी हा बाजूला वळला तर इंडिकेटर लावून, हात दाखवून!

रूपराव मनाशी जुळवू लागले. हिंगणीचा. वाकून मातीला हात. पटावर हिंगणीचे बापूजी जोडी सोडण्याआधी असेच वाकायचे, आणि माईकवर हेच रूपराव आवाज चढवून म्हणायचे, "बापूजीनं मातीले हात लावला! आता ती माती त्याची लेक झाली, बापाले खाली पडू देनार नाई!" चार हजार माणसं श्वास धरायची. हा बापूजींचाच पोरगा असणार.

"गर्दी मी आणतो," ते म्हणाले. "बदल्यात मले एकच पाह्यजे. त्या दिवशी माईक माया. सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत."

अश्विननं नागपूरची एक निवेदिका ठरवली होती, मयुरी म्हणून. तो डोकं खाजवत म्हणाला, "गर्दी आली तं माईक तुमचा. तिले बाजूले बसवतो."

दुसऱ्या दिवशी देवळीच्या बाजारात ऑटो थांबला. रूपराव टपावर चढले. अडुसष्ट वर्षांचा माणूस भोंग्याशेजारी उकिडवा बसला, दोन्ही हातांनी अदृश्य हँडल धरलं, तोंडानं गाडीचा आवाज काढला. झेंडी पडली. रूपराव संथपणे वाकले, टपाला हात लावला, कपाळाला लावला, डोळे मिटून पुटपुटले, मग एक डोळा उघडून शेजारी पाहिलं. "अरे! गेले का?" आणि मग नुसत्या बोटांनी इंडिकेटर. उघड, बंद. उघड, बंद.

कांदेवालीच्या तराजूतलं पारडं हसण्यानं खाली आलं. पोरांनी मोबाइल काढले.

"हा कोण, रूपरावकाका?"

"हा हिंगणीचा धर्मेंद्र! पुढच्या रविवारी पुन्हा येऊन राह्यला. म्हणते, मागच्या वेळी पाया पडायले वेळ कमी पडला!"

आंजीत त्यांनी सांगितलं, "हिंगणीवाले म्हणतात, आंजीच्या पोट्ट्यापेक्षा आमचा धर्मेंद्र बरा, तो निदान इंडिकेटर तं लावते." सेलूत सांगितलं, आंजीवाले हिंगणीला हसतात. हिंगणीच्या वेशीवर सांगितलं, "देवळीवाले म्हणतात, हिंगणीत सारेच असे. येऊन दाखवा." प्रत्येक गावाला दुसऱ्या गावाचा टोमणा नेऊन द्यायचा, ही पटाच्या दिवसांतली जुनी कला. फक्त तेव्हा टोमणा बैलांना असे.

घरी बायकोनं, शकुबाईंनी, भाकरी थापता थापता विचारलं, "त्या पोराची सुपारी घेतली का?"

"कोनाची?"

"ज्याची नक्कल करून राह्यले गावोगाव, त्याची."

"शकू, ती खडीगंमत होती. हे जाहिरात हाय."

"त्याले काय फरक पडते?" शकुबाईंनी भाकरी उलटली. "चटका तं तोच."

आठ दिवसांत धर्मेंद्र तीन तालुक्यांत गाजला. बसस्टँडवर तिकीट काढायला वेळ लावणाऱ्याला लोक म्हणू लागले, "चाल ना बे धर्मेंद्र." वर्ध्याच्या एका लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला तर वऱ्हाडानं शिट्ट्या मारल्या. क्रिकेट खेळणारी पोरं बाद झाली की बोटांनी इंडिकेटर दाखवत बाहेर जायची. नाव साऱ्यांना पाठ. चेहरा हिंगणीबाहेर कुणालाच ठाऊक नव्हता, कारण फिरत होती ती रूपरावांची नक्कल. आणि जानेवारीत जमलेल्या साठेक माणसांपैकी कुणाला एका दूधवाल्याचं तोंड लक्षात राहणार?

शुक्रवारी अश्विनचा फोन आला. "काका, त्या धर्मेंद्रले नाव लिहाले फोन केला. येत नाई म्हणते. मी पाया पडलो फोनवर. थो नाई आला तं लोकं मले फाडून खातीन. तुमी पेटवलं हाय, तुमीच जा. नाई तं माईकचं विसरून जा."

शनिवारी सकाळच्या बसनं रूपराव हिंगणीला गेले. घर विचारायला चौकात थांबले तर पानठेल्यावरच्या दोघांनी आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला, मग हसत गल्ली दाखवली.

अंगणात दोन म्हशी, धुतलेले कॅन उन्हात पालथे. ओट्यावर एक म्हातारी सुपारी कातरत बसली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. बापूजींची बायको, कौशल्याबाई.

"कोन हाय?"

"मी आंजीचा. पानी भेटन का, बाई?"

तिचे हात थांबले. "थांब. आवाज वळखीचा हाय. तू तं पटावरचा! यांचं नाव घेनारा! सपना, पानी आन वं, रूपराव आले!"

सून पाणी घेऊन आली. तिनं रूपरावांकडे पाहिलं नाही. तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेली.

"हे गेले तं सहा वर्सं झाली," म्हातारी सांगत होती. "जाईपर्यंत म्हणत, मी पटावर धावलो नाई, रूपरावच्या आवाजावर धावलो. पोरगा तसाच निघाला. त्या दिवशी देवळीले गेलता गाडी घेऊन. म्हटलं कायले जातं, तं म्हणे, बाबाच्या पट्टीवरून एकदा जाऊन येतो. डांबर हाय म्हणे आता, पण खाली माती तीच." ती हसली. "रूपराव, एकदा म्हण ना. यांनी मातीले हात लावला का तू म्हणायचा तसं. मरायच्या आंधी एकदा आयकू दे."

दारात धर्मेंद्र येऊन उभा होता. अडतीस-चाळीसचा, बुटका, हातात गवताची पेंढी. गावातल्या कुणालाही नीट आठवणार नाही असा चेहरा. तो तिथूनच पाहत राहिला.

रूपरावांनी घसा साफ केला. कवळी जिभेनं दाबली. "बापूजीनं मातीले हात लावला," ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे आवाज लागला, जुना, भरदार, साऱ्या रानावर पसरणारा. "आता ती माती त्याची लेक झाली, बापाले खाली पडू देनार नाई!"

म्हातारीनं पदरानं डोळे टिपले. म्हशीनं मान वर केली.

"आता दुसरं म्हणा," धर्मेंद्र म्हणाला. "बाजारातलं. आईनं ते आयकलं नाई."

"काय रे बाजारातलं?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाई, आई."

रूपराव खाली पाहत म्हणाले, "धर्मेंद्रभाऊ, उद्या येजो. एक डाव. लोक तुले पाह्यले येऊन राह्यले."

"येतो ना. मी बी पाह्यलेच येतो. पण गाडीवर नाई." त्यानं पेंढी खाली टाकली, आईच्या ताटलीतली एक अख्खी सुपारी उचलली, आणि रूपरावांच्या तळहातावर ठेवून मूठ आपल्या हातानं बंद केली. "घ्या. बाबानं सांगतलं होतं मले, तुमच्या मंडळात ही लागते म्हणून. तुमी विसरले, मी नाई विसरलो. आता करा माही नक्कल. पुरी करा."

"सुपारी घेतली का रूपरावनं?" म्हातारी कौतुकानं म्हणाली. "वा! मंग तं सोंग निघतेच."

रविवारी दुपारी लेआउटवर मुंगीला जागा नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, विजेच्या खांबांवर, अँब्युलन्सच्या बॉनेटवर. रूपरावांनी पांढरा सदरा घातला होता, फेटा बांधला होता. अश्विननं माईक हातात दिला. इतकी माणसं त्यांनी पटावरही पाहिली नव्हती, आणि ही सारी त्यांनी आणली होती, एका ऑटोच्या टपावरून.

पहिल्या जोडीला त्यांनी टोपणनावं दिली, दुसरीला वंशावळ जोडली. तिसऱ्या शर्यतीत कुणी ऐकत नव्हतं. गाड्यांच्या आवाजात त्यांचे शब्द विरत, आणि आवाज थांबला की एकच गजर उठे, "धर-में-द्र! धर-में-द्र!"

"येऊन राह्यला, बाप्पा, येऊन राह्यला! तोवर पाहा, ही नागपूरची लाल गाडी..."

"काका, तुमी बसा! धर्मेंद्र आना!"

"तोंडातले दात सांभाळा, काका!"

सातव्या शर्यतीला कवळी सुटली. माईकवर नुसतं "फु" उमटलं. हशा आला, पण तो त्यांनी मागितलेला हशा नव्हता. कुणीतरी चप्पल फेकली. मागून मंडपाचा एक बांबू हलू लागला.

अश्विन चवताळून आला. "कुठं हाय थो? बोलले होते ना तुमी!"

रूपरावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. सुपारी होती. त्यांनी ती तोंडात टाकली नाही, नुसती चाचपली. मग "सोंग मीच काढतो त्याचं," म्हणत माईक मयुरीच्या हातात दिला.

"काका, तुमचे ते डायलॉग मी वापरते हं," ती नम्रपणे म्हणाली. वाईट पोरगी नव्हती. तिनं मोबाइलवर त्यांची नक्कल वीस वेळा पाहून पाठ केली होती.

चहावाल्याच्या दूधवाल्याची गाडी आणली, कॅनसकट. नियम होता म्हणून हेल्मेट घालावं लागलं. फेटा काढून ठेवला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच रूपराव लोकांसमोर चेहरा झाकून जात होते. मोटरसायकल त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती. अश्विननं गिअर टाकून दिला, क्लच दाबून धरायला सांगितलं आणि दोन जणांनी मागून तोल सांभाळला.

"आणि ज्याची तुम्ही वाट पाहताय," मयुरीचा आवाज रानावर पसरला, "हिंगणीचा... धर्मेंद्र!"

जो आवाज उठला तो रूपरावांनी जन्मात ऐकला नव्हता. झेंडी पडली. शेजारचा उडाला. रूपराव वाकले. सावकाश, अगदी बापूजींसारखे, बोटांची टोकं डांबराला लागेपर्यंत. हजारो माणसं एका तोंडानं ओरडली, "गेले का?" हात कपाळाकडे नेताना त्यांची दुसरी मूठ सुटली, आणि त्या मुठीत क्लच होता.

गाडी घोड्यासारखी उसळली. रूपराव मागे, गाडी पुढे, मग गाडी त्यांच्या मांडीवर. कॅन घरंगळत गेला आणि त्यातलं उरलंसुरलं दूध काळ्या रस्त्यावर पांढरं पसरलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. ट्रॉलीतून एक बाई हसता हसता खाली बसली.

"शेवटी बाजूला होताना इंडिकेटर लावा हो, धर्मेंद्रभाऊ!" मयुरी म्हणाली.

सोंगाड्यानं हशा पुरा चढल्याशिवाय उठायचं नसतं. रूपराव पडून राहिले. हशा चढला, टोकाला गेला, उतरू लागला. हीच वेळ. ते उठायला गेले आणि डावा पाय त्यांचा राहिला नव्हता. ते ओरडले. हेल्मेटमधून ते ओरडणं गायीसारखं बाहेर आलं आणि लोक पुन्हा हसले.

गर्दीतला एकच माणूस हसत नव्हता, म्हणून त्यालाच कळलं. धर्मेंद्र दोराखालून आला. त्यांच्या अंगावरची गाडी उचलली. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. कुणीतरी दूधवाला असेल. त्यानं नि अँब्युलन्सवाल्यानं मिळून रूपरावांना हेल्मेटसकट आत ठेवलं. मग हेल्मेट काढलं आणि त्यात सुटून पडलेली कवळी त्यानं खिशात घातली.

"धर्मेंद्र," रूपराव बोळक्या तोंडानं म्हणाले. "झाली का... पुरी?"

"बरी झाली."

अँब्युलन्सवाल्यानं कागद काढला. "पेशंटचं नाव?"

रूपरावांनी तोंड उघडलं, पण दात नव्हते आणि कळ आली. धर्मेंद्रनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं.

"लिहा," तो म्हणाला. "धर्मेंद्र. रहानार हिंगणी."

मग त्यानं कवळी त्यांच्या छातीवर ठेवली, सदऱ्याच्या टोकानं पुसून, आणि दार लावलं.

खुब्यात सळई घालून रूपराव घरी आले त्याला आता दोन महिने झाले. खाटेवरून उठता येत नाही. परवा मधुकरराव भेटायला आले, शेजारच्या गल्लीतले किराणावाले. पाय कसा मोडला ते शकुबाईंनी सांगितलं, न्हाणीत घसरले म्हणून. मधुकररावांना त्यात रस नव्हता. त्यांनी मोबाइल काढला.

"हे पाह्यलं का तुमी? देवळीच्या रेसचं. हा धर्मेंद्र! काय पडला बापा, काय पडला! आमच्या घरी रोज लावतो जेवताना. लहान-मोठे सारे हसते." ते हसून डोळे पुसू लागले. "तुमी होते ना त्या दिवशी तिथं?"

शकुबाई चुलीपाशी थांबल्या.

रूपरावांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. हेल्मेटवाला माणूस वाकला. हात डांबराला लागला. लोक ओरडले.

"होतो ना," ते म्हणाले. "मी माईकवर होतो." आणि मोबाइल परत दिला नाही. "आवाज वाढव जरा, मधुकर. पुन्हा लाव."